आभासी नाणी-नोटा आणि प्राथमिक स्तरावरील गणित : उपयोग व मर्यादा

प्रास्ताविक

मुलांना व्यावहारिक गणित शिकविण्याचे काम एकट्या शाळेने कधीच केलेले नाही. पाव किलो साखर आणावयास पाठविलेले मूल पन्नासची नोट मुठीत धरून वाण्याच्या दुकानात जात असे, परत मिळालेली मोड दुकानाच्या पायरीवरच मोजत असे आणि घरी आल्यावर तिचा हिशेब देत असे. बेरीज, वजाबाकी, अंदाज आणि पडताळा या चारही गोष्टी त्या एका फेरीत घडत. या अनौपचारिक शाळेला कोणी शाळा म्हटले नाही, म्हणून ती बंद होत असल्याचेही फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही देयक प्रणाली सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० व १००० रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली आणि पुढील काही वर्षांत क्यूआर कोडचा चौकोन भाजीच्या हातगाडीपर्यंत पोहोचला. व्यवहार सुकर झाला यात शंका नाही. तथापि मुलाच्या बाजूने पाहिले असता या व्यवहारातून मोजणे नाहीसे झाले आहे. मोबाइलने खरेदी करताना नेमकी रक्कमच दिली जाते. त्यामुळे किती परत यावयाचे हा प्रश्नच उद्भवत नाही. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे मात्र अजूनही 'दुकानदाराला ५० रुपये दिले, तर किती परत मिळतील?' असेच विचारतात. ज्या अनुभवाच्या आधारावर हे उदाहरण रचले गेले, तो अनुभवच अनेक मुलांजवळ, विशेषतः शहरी मुलांजवळ, आता नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी संगणकाच्या किंवा टॅबच्या पडद्यावरील नाणी-नोटांचा उपयोग करावा, असे अलीकडे सुचविले जाते. दि. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पायाभूत संख्याज्ञानावर भर दिल्यापासून अशा साधनांकडे शिक्षकांचे लक्ष अधिक गेले आहे. ही साधने नेमकी कशासाठी उपयोगी आहेत, आणि कोणत्या ठिकाणी ती मुलाच्या शिकण्याच्या आड येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

'डिजिटल नाणी' हा शब्दप्रयोग संदिग्ध आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणलेला ई-रुपया हे खरे चलन आहे, आणि तो नाणी-नोटांच्याच दर्शनी मूल्यांत दिला जातो. यूपीआयमधील रक्कम ही बँक खात्यातील शिल्लक होय. प्रस्तुत विवेचनाचा विषय या दोहोंहून वेगळा आहे. पडद्यावर बोटाने सरकविता येणारी, एकत्र करता येणारी व सुटी करता येणारी, केवळ अध्यापनासाठी तयार केलेली नाणी व नोटांची चित्रे एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे. गणित शिक्षणाच्या परिभाषेत अशा साधनांना आभासी हस्तसाधने म्हणता येईल. पॅट्रिशिया मॉयर, जॉना बोलयार्ड व मार्क स्पाइकेल यांनी २००२ मध्ये या संज्ञेची जी व्याख्या केली, तिच्यात चित्र नुसते दिसणे पुरेसे मानलेले नाही. विद्यार्थ्याला ते हलविता आले पाहिजे आणि त्या हालचालीतून गणिती ज्ञान रचण्याची संधी मिळाली पाहिजे. या निकषावर फळ्यावर प्रक्षेपित केलेले नोटेचे स्थिर चित्र हे आभासी हस्तसाधन ठरत नाही. आपल्याकडील अनेक तथाकथित ई-साहित्य या एका निकषावरच बाद होईल, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील यूटा स्टेट विद्यापीठाने १९९९ मध्ये अशा साधनांचे ग्रंथालय उभारण्यास प्रारंभ केला. त्यात पैशांचेही साधन होते. त्यातील बहुतेक साधने जावा तंत्रावर आधारलेली असल्याने ब्राउझरांनी त्या तंत्राचा आधार काढून घेतल्यावर ती चालेनाशी झाली. फ्लॅशवर बेतलेल्या साहित्याचेही २०२० च्या अखेरीस असेच झाले. कागदी नोटांचा जुना खोका कपाटातून केव्हाही बाहेर काढता येतो; आभासी खोक्याची तशी शाश्वती नाही. आज मॅथ लर्निंग सेंटर या अमेरिकी संस्थेचे 'मनी पीसेस' यासारखी मोफत साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांत नाणी डॉलर-सेंटची असतात. अमेरिकेत दहा सेंटचे नाणे पाच सेंटच्या नाण्यापेक्षा आकाराने लहान आहे, आणि पंचवीस सेंटच्या नाण्याला आपल्या आजच्या चलनात जोड नाही. परक्या चलनावर मराठी मुलाला मोड शिकविणे म्हणजे एका अडचणीत दुसरीची भर घालणे होय.

मोड : विषयाचा गाभा

नाण्या-नोटांचे गणितातील खरे मूल्य त्यांच्या अदलाबदलीत आहे. बाजारात 'नोट सुटी करून द्या' असे म्हणतात आणि प्राथमिक गणितात 'दशक सुटा करून वजाबाकी करा' असे म्हणतात. क्रियापद एकच आहे, क्रियाही एकच आहे. तरीही या दोन वाक्यांचा संबंध वर्गात क्वचितच जोडून दाखविला जातो.

३०२ मधून १४८ वजा करण्याचे उदाहरण घेऊ. प्राथमिक शाळेत शिकविलेल्या प्रत्येकाला या उदाहरणाचे चुकीचे उत्तर ओळखीचे असेल : २४६. मूल प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, कारण दोनातून आठ जात नाहीत आणि शेजारी शून्य असल्याने हातचा मागावयाचा तरी कोणाकडे, हे त्याला समजत नाही. हेच उदाहरण शंभराच्या ३ नोटा व एक रुपयाची २ नाणी देऊन मांडले तर परिस्थिती बदलते. आठ रुपये द्यावयाचे आहेत, जवळ सुटे दोनच आहेत, दहाची नोट एकही नाही. मग शंभराची एक नोट सुटी करावी लागेल : दहाच्या १० नोटा. त्यातील एक पुन्हा सुटी करावी लागेल : रुपयाची १० नाणी. आता जवळ शंभराच्या २, दहाच्या ९ नोटा आणि १२ नाणी आहेत. रक्कम ३०२ च राहिली, तिचे रूप मात्र बदलले. त्यातून १४८ दिले की १५४ उरतात. कागदावर शून्याच्या डोक्यावर नऊ का लिहितात, या प्रश्नाचे उत्तर त्या ९ नोटांत आहे.

खोट्या कागदी नोटांनीही हे करता येते आणि अनेक कल्पक शिक्षक ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. अडचण संख्येची आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला पुरतील इतक्या दहाच्या नोटा व रुपये लागतात. 'बँक' झालेल्या मुलापुढे रांग लागते. तासाच्या शेवटी पाचसहा नोटा हरवलेल्या असतात. पडद्यावरील नोट शतकाच्या रकान्यातून दशकाच्या रकान्यात ओढली की क्षणात तिच्या दहा नोटा होतात आणि पुन्हा एकत्र केल्या की एक होते. साठा संपत नाही, चूक लगेच मागे घेता येते. दहा नोटा म्हणजे 'जास्त पैसे' असे वाटणाऱ्या वयात ही उलटसुलट क्रिया पुनःपुन्हा पाहणे आणि करणे मोलाचे असते.

नेमका येथेच धोकाही आहे. काही साधनांत वजाबाकीचा आदेश दिला की नोट आपोआप सुटी होते आणि एकूण रक्कम कोपऱ्यात सतत झळकत राहते. मग मुलाला करावयाचे काहीच उरत नाही. ते पडद्यावरील आकडा वाचून उत्तर लिहिते. सुटे करण्याचा निर्णय मुलाचा असला पाहिजे, आणि नोट मोडण्यापूर्वी 'आता किती नाणी येतील?' या प्रश्नाचे उत्तर त्याने तोंडाने दिले पाहिजे. बेरीज दाखविणारा आकडा झाकण्याची सोय ज्या साधनात नाही, ते इतर सर्व बाबतींत आकर्षक असले तरी प्राथमिक वर्गासाठी निवडू नये.

वजाबाकीची आणखी एक रीत दुकानदारांच्या हातात असते. ६३ रुपयांच्या मालासाठी शंभराची नोट आली तर तो १०० मधून ६३ वजा करीत नाही. तो पुढे मोजतो : दोन रुपये ठेवून पासष्ट, पाच ठेवून सत्तर, दहा ठेवून ऐंशी, वीस ठेवून शंभर. गिऱ्हाइकाच्या हातावर ३७ रुपये पडलेले असतात आणि हिशेबाचा पडताळाही झालेला असतो. ही रीत शाळेत 'खरी वजाबाकी' मानली जात नाही, हे दुर्दैव होय.

बाजाराचे गणित व शाळेचे गणित

या दुराव्याचा अभ्यास टेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर व अनालुसिया श्लिमान यांनी ब्राझीलमधील रेसिफे शहरात केला व १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बाजारात विक्री करणाऱ्या ९ ते १५ वर्षे वयाच्या पाच मुलांना प्रथम गिऱ्हाईक म्हणून आणि नंतर तेच हिशेब कागदावर उदाहरणे म्हणून विचारले गेले. बाजारात ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. निव्वळ अंकांत मांडलेल्या उदाहरणांत हे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. मुलांची संख्या लहान असल्याने या निष्कर्षाविषयी सावध राहणे योग्यच होते. परंतु अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की व सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांवर केलेले संशोधन २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातही हाच दुरावा दिसून आला. बाजारातील मुले गुंतागुंतीचे हिशेब मनातल्या मनात करीत, पण तशाच अंकांचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आल्यावर अडत. उलटपक्षी बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले कागदावर सरस ठरली, तरी प्रत्यक्ष व्यवहाराचा हिशेब त्यांना नीट जमला नाही.

याचा अर्थ असा की, आजच्या वर्गात दोन प्रकारची मुले शेजारी बसतात आणि दोघांचीही गरज वेगळी आहे. आठवडी बाजारात आईशेजारी बसून मेथीच्या जुड्या विकणाऱ्या मुलीला मोड शिकविण्याची आवश्यकता नाही. तिला आपली रीत आकड्यांत लिहिता येणे आवश्यक आहे. क्यूआर कोडच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलाला लिहिता येते, पण मोड देता येत नाही. आभासी नाणी-नोटा या दोघांमधील दुवा होऊ शकतात, कारण पडद्याच्या अर्ध्या भागात नोटांची हालचाल आणि उरलेल्या अर्ध्या भागात तिचीच आकड्यांतील मांडणी एकाच वेळी दाखविता येते. कागदी नोटांना ही सोय नाही. त्या मुलीची पुढे मोजण्याची रीत पडद्यावर सर्वांसमोर चालवून दाखविली गेली, तर वर्गातील तिचे स्थानही बदलेल.

चित्र किती हुबेहूब असावे?

निकोल मॅकनील, डेव्हिड उटाल, लिंडा जार्विन व रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष येथे विचारात घ्यावा लागतो. पैशांची शाब्दिक उदाहरणे सोडविताना ज्या मुलांना हुबेहूब दिसणाऱ्या नोटा-नाणी दिली होती, त्यांच्या एकूण चुका अधिक झाल्या. मात्र उदाहरणाचा अर्थच न कळल्याने होणाऱ्या चुका त्यांच्याकडून कमी झाल्या. म्हणजे चित्रातील बारकावे हिशेबाच्या वेळी लक्ष विचलित करतात आणि अर्थ समजण्याच्या वेळी मदत करतात. कागदी साधनात यापैकी एकच निवडावे लागते. पडद्यावर मात्र उदाहरण समजून घेताना खऱ्यासारखी नोट आणि हिशेब करताना केवळ मूल्य लिहिलेला साधा आयत, असा बदल एका स्पर्शाने करता येतो.

आकाराबाबतही विवेक हवा. २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठे आहे. २०१९ च्या मालिकेत मूल्याबरोबर आकार व वजन वाढत जाते आणि २० रुपयांचे नाणे बारा कोनांचे आहे. दोन्ही मालिका एकाच वेळी चलनात असल्याने आकारावरून मूल्य ठरविण्याची सवय मुलाला लागू देऊ नये. ब्राझीलमधीलच रस्त्यावर गोळ्या विकणाऱ्या मुलांचा अभ्यास जेफ्री सॅक्स यांनी केला (१९८८). छापील आकडे नीट न वाचता येणारी मुलेही नोटा ओळखून मोठ्या रकमांचे व्यवहार करीत, असे त्यांना आढळले. आपल्याकडेही जांभळट नोट शंभराची व पिवळी दोनशेची हे अक्षरओळख नसलेल्या मूलालाही ठाऊक असते. या ओळखीचा प्रारंभी उपयोग करून घ्यावा. पण तिच्यावर थांबू नये.

दर्शनी मूल्यांच्या निवडीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. स्थानिक किंमत शिकविताना १, १० व १०० एवढीच मूल्ये पडद्यावर ठेवावीत. २, ५, २०, ५०, २०० व ५०० ही मूल्ये नंतर आणावीत, कारण ती दशमान मांडणीचे घटक नसून व्यवहाराची सोय आहेत. २०१६ नंतर १००० ची नोट नाही आणि २००० ची नोट १९ मे २०२३ च्या निर्णयाने चलनातून मागे घेतली गेली. त्यामुळे सहस्र स्थानासाठी खरी नोट उपलब्ध नाही. पडद्यावर हजाराची काल्पनिक नोट करता येईल, मात्र ती काल्पनिक असल्याचे मुलांना सांगणे अगत्याचे आहे.

संख्यावाचन आणि मराठी बाजारभाषा

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणित पुस्तकात 'एकवीस' बरोबरच 'वीस एक' असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागील शैक्षणिक भूमिका मांडली होती. वादात भाषेची अस्मिता पुढे आली आणि मूळ अडचण मागे पडली. मराठीत एकक आधी उच्चारला जातो व दशक नंतर. लिहिताना मात्र क्रम उलट होतो. 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारे मूल आळशी नसते. दहाच्या ६ नोटा व रुपयाची ३ नाणी पडद्यावर मांडून 'साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट' असे म्हटले तर दोन्ही वाचने एकमेकांची शत्रू राहत नाहीत. नोटा डावीकडे, नाणी उजवीकडे हा क्रम तेवढा कटाक्षाने पाळावा.

बाजारभाषेतील सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे ही संख्यानामेही याच मार्गाने परत आणता येतात. दीडशे म्हणजे १०० व ५०. सव्वाशे म्हणजे १००, २० व ५. पावणेदोनशे म्हणजे २०० ला २५ कमी. पावकी, निमकी, दिडकी यांच्या पाढ्यांना सोळा आण्यांच्या रुपयाचा आधार होता. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. शब्द मात्र बाजारात टिकून राहिले.

नाहीसे झालेले पैसे

दशांश अपूर्णांक शिकविताना रुपये-पैशांचे उदाहरण परंपरेने दिले जाते. परंतु २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, आणि ५० पैशांचे नाणे कायदेशीर असूनही हाताला लागत नाही. आजच्या पाचवीतील मुलाने पैसा पाहिलेलाच नसतो. वीजबिलावर किंवा पेट्रोलच्या पावतीवर मात्र दशांश चिन्हापुढील दोन अंक त्याला दिसतात. परिणामी ५.५ रुपये म्हणजे पाच रुपये पाच पैसे असे ते निःशंकपणे सांगते. येथे आभासी साधन खऱ्या चलनापेक्षा सरस ठरते. १० पैशांचे व १ पैशाचे नाणे पडद्यावर पुन्हा निर्माण करता येते. रुपया सुटा केला की १० पैशांची १० नाणी येतात, त्यातील एक सुटे केले की पैशाची १०. दशांश स्थान व शतांश स्थान यांची तीच चढण, जी शंभराच्या नोटेपासून रुपयापर्यंत मुलाने उतरलेली असते.

काही व्यावहारिक बाबी

स्वतः चित्रे तयार करणाऱ्या शिक्षकांनी एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. चलनी नोटेशी साधर्म्य असलेले दस्तऐवज करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ नुसार (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४८९-ई) गुन्हा आहे. म्हणून नोटेचे चित्र रेखाटलेले असावे, त्यावर 'शैक्षणिक नमुना' असे ठळक लिहावे व रिझर्व्ह बँकेचे नाव टाळावे. महागडी आज्ञावली घेण्याचेही कारण नाही. सादरीकरणाच्या साध्या आज्ञावलीत संपादनाच्या अवस्थेत नोटांची चित्रे ओढता येतात आणि त्यांच्या प्रती काढता येतात. नोट सुटी करताना मुलाला शंभराची नोट काढून दहाच्या दहा प्रती स्वतः मोजून ठेवाव्या लागतात. हे हळू होते, आणि शिकण्याच्या दृष्टीने ते हळू झालेलेच बरे. एकच संगणक असलेल्या शाळेत एका मुलाने पडद्यावर व इतरांनी कागदी नोटांवर तीच क्रिया करावी. आभासी साधनांच्या परिणामांचा पॅट्रिशिया मॉयर-पॅकनहॅम व अर्ला वेस्टेन्स्को यांनी २०१३ मध्ये घेतलेला एकत्रित आढावाही त्यांचा अनुकूल परिणाम मध्यम स्वरूपाचाच दाखवितो. प्रत्यक्ष साधनांशी तुलना केल्यास तो आणखी लहान होतो. कागद सोडून पडदा घ्यावा, असे म्हणण्यास त्यातून आधार मिळत नाही.

अनेक जिल्हा परिषद शाळांत भरणारा बाल आनंद बाजार ही या सर्वांची उत्तम कसोटी आहे. त्यात अर्ध्या मुलांनी रोखीने व अर्ध्यांनी कल्पित क्यूआर कोडने खरेदी करावी. कोडने खरेदी करणाऱ्याने प्रत्येक वेळी पडद्यावरील आपल्या पाकिटातून तेवढ्या नोटा बाहेर काढून दाखवाव्यात, गरज पडल्यास सुट्या करून. पाकिटात शंभराची एक नोट असताना ३५ रुपयांची भेळ घेतली, तर आत काय उरले हे विक्रेत्या मुलाने व ग्राहक मुलाने वेगवेगळे लिहावे आणि मग दोघांनी ताडून पाहावे.